चाळीची मागची बाजू

गिरगावातल्या कुठल्याही जुन्या चाळीच्या पुढच्या अंगाला जा. अंगण झाडलेलं असतं, फळ्यावर सत्यनारायणाची सूचना असते, मांडवाची जागा वर्षभर राखलेली असते. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सार्वजनिक गणपती बसला तो अशाच वस्तीत. सामायिक जागा कशी सांभाळायची, हे इथल्या माणसांना कुणी तज्ज्ञाने येऊन शिकवायला नको. आता वळसा घालून त्याच चाळीच्या मागे जा. तिथे हाऊस गल्ली आहे.

या गल्लीचा जन्मच मैल्यासाठी झाला. मुंबई महापालिकेच्या १८८८च्या कायद्यात तिची व्याख्या आहे: सांडपाणी वाहून नेणारी किंवा सफाई कामगाराला संडास-मुताऱ्यांपर्यंत पोहोचवणारी जमिनीची पट्टी. मैला टोपल्यांतून उचलला जाई तो काळ. उचलणारा कुठल्या जातीचा असे हे सांगायला नको, आणि तो पुढच्या जिन्यावर दिसू नये ही सोय विटा-चुन्यात बांधून ठेवलेली. पुढे ड्रेनेज आलं, टोपल्या गेल्या. मागे टाकलेलं कुणीतरी उचलून नेईल, हा हिशेब मात्र घराघरांत तसाच चालू राहिला.

१८९६च्या प्लेगनंतर या फटींना दुसरं काम मिळालं. १८९८ साली इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि काळोख्या, कोंदट खोल्या हा सरकारी चिंतेचा विषय झाला. जे. पी. ऑर ट्रस्टचे अध्यक्ष असताना साडेत्रेसष्ट अंशांच्या नियमाचा आग्रह धरला गेला. कोन डोक्यात बसत नसेल तर एवढंच लक्षात ठेवा: समोरची भिंत जेवढी उंच, त्याच्या निम्मं तरी अंतर मध्ये मोकळं हवं. म्हणजे ही गल्ली नुसतं गटार नाही, मागच्या खोलीत येणारा उजेड आणि वाराही तिच्यातूनच येतो. आज त्या बाजूच्या खिडक्या बाराही महिने बंद असतात. वास येतो.

अशा एका गल्लीत सफाई कामगारांच्या मागोमाग शिरले होते. तोंडाशी अंग तिरकं करावं लागलं. भिंतीवरून उतरलेले बिडाचे पाइप, त्यांच्या जोडांतून ठिबकणारं पाणी, त्या ओलीवर पोसलेला पिंपळ. पायाखाली नारळाच्या शेंड्या, डायपर आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून टाकलेलं निर्माल्य. देवाचं म्हणून कचऱ्याच्या डब्यात टाकायचं नाही, खिडकीतून चालतं! मुकादमाने आधी वर बघून हाक दिली, "खाली माणसं आहेत हो!" तरी वरून चहाचा चोथा आलाच.

गल्ली कुणाची, यावर एकमत नाही. पागडीवाला भाडेकरू म्हणतो, मालकाची. मालकाला मिळणारं भाडं इतकं तुटपुंजं की तो इकडे फिरकत नाही. इमारत उपकरप्राप्त असेल तर दुरुस्ती म्हाडाच्या मंडळाकडे, झाडणं महापालिकेकडे. आणि गल्ली दोन इमारतींच्या मध्ये, त्यामुळे चोथा नेहमी समोरच्यांचाच.

अशा जागेचं रूप पालटायचं म्हटलं की आपल्याकडे आधी रंगाचे डबे येतात. २०२२च्या अखेरीस मुंबईत सुशोभीकरणाची मोठी मोहीम निघाली, खर्च साधारण १,७०० कोटींच्या घरात. खांबांना दिव्यांच्या माळा लागल्या, भिंती रंगल्या. (प्रत्येक भिंतीवर वारलीच का, हे मला न सुटलेलं कोडं आहे.) हाऊस गल्लीत रंग टिकत नाही. गळका पाइप बदलल्याशिवाय भिंत वाळत नाही आणि भिंत वाळल्याशिवाय रंग धरत नाही.

मेलबर्नच्या अनेक मागच्या गल्ल्याही मैलागाड्यांसाठीच होत्या. १८९७पासून तिथे घरं भुयारी गटारांना जोडली जाऊ लागली आणि गल्ल्या बिनकामाच्या झाल्या. गेल्या तीस-चाळीस वर्षांत त्या पुन्हा वापरात आल्या, पण त्याआधी शहराच्या मध्यभागी माणसं राहायला आणण्याचं धोरण होतं. पुढे नगर परिषदेने गल्ल्या हिरव्या करायला घेतल्या तेव्हा कुठल्या गल्लीत किती ऊन पोहोचतं, वारा कसा फिरतो, याचा नकाशा केला आणि मग गिल्डफर्ड लेनसारख्या चारच निवडल्या. हा क्रम मला उचलण्यासारखा वाटतो, तिथली कॉफी नाही. आपल्याकडे माणसं मध्यभागी आहेतच, आणि तिथल्यासारखी भाडी चढली तर आधी तीच हुसकली जातील.

सगळ्या हाऊस गल्ल्या बसण्याजोग्या होणार नाहीत. चार फुटांची गल्ली कोरडी राहिली, तिथे दिवा लागला आणि उंदीर कमी झाले, तरी पुष्कळ. आठ-दहा फुटांची, दोन्ही टोकांना उघडणारी असेल तर तिथे फरशी घालता येते. पोरांना शाळेची आडवाट मिळते, म्हाताऱ्यांना दुपारी सावलीचा बाक. आधी पाइप, मग पहिल्या मजल्याच्या उंचीवर जाळी, मग फरशी, मग दिवा. कुंड्या सर्वांत शेवटी. आणि देखरेख चाळीच्या गणपती मंडळाकडे द्यावी. दहा दिवस रात्रभर मांडवाची राखण करणारी पोरं त्यांच्याकडेच आहेत. मागच्या खिडकीतून कोण काय टाकतं, हे त्यांना नावानिशी ठाऊक असतं. वॉर्ड ऑफिसच्या नोटिशीपेक्षा त्यांच्या एका हाकेचा धाक जास्त.

हे सगळं करायला फार वेळ उरलेला नाही. पुनर्विकासात चार-सहा इमारतींचे भूखंड एकत्र केले की मधल्या गल्ल्या नकाशावरूनच जातात. नव्या टॉवरभोवतीच्या मोकळ्या जागेत सवलत मागितली जाते, बहुधा मिळतेही. भाडेकरूंच्या सभांना मी बसले आहे. कार्पेट एरिया, कॉर्पस फंड, पार्किंग यांवर तासन्‌तास वाद होतो. स्वयंपाकघराची खिडकी कशावर उघडणार आणि समोरची भिंत किती फुटांवर असणार, हे बिल्डरला विचारणारं त्या सभांत मला अजून कुणी भेटलेलं नाही.