महागडं पाकीट की दूध-पोळी? कुत्र्याच्या भांड्यात ‘किती’ हा प्रश्न आधी

घरात पिल्लू आलं की पहिल्याच आठवड्यात दोन तट पडतात. ‘आमच्या वाड्यातला मोत्या दूध-पोळीवर म्हातारा झाला’ असं सांगणारे आजोबा एकीकडे आणि ऑनलाइन सवलतीत मागवलेली दहा किलोची बॅग उघडून बसलेला नातू दुसरीकडे. वाद असतो तो ‘कोणतं’ अन्न द्यायचं याचा. ‘किती’ द्यायचं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही. आणि चूक बहुतेक वेळा तिथेच होते.

या प्रश्नाचं महत्त्व दाखवणारा एक अभ्यास 2002 मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झाला. 48 लॅब्राडॉर पिल्लांच्या जोड्या लावण्यात आल्या. अन्न सगळ्यांना एकच. मात्र जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा 25 टक्के कमी, तेही आयुष्यभर. जास्त खाणाऱ्या गटाचं मध्यक आयुर्मान 11.2 वर्षं निघालं, कमी खाणाऱ्यांचं 13 वर्षं. सांधेदुखीसारखे आजारही दुसऱ्या गटाला उशिरा जडले. हा अभ्यास प्युरिना या खाद्य विकणाऱ्या कंपनीनेच केला होता. विक्रेत्यानेच ‘कमी खाऊ घाला’ म्हणावं, असा प्रसंग विरळाच.

मग किती द्यायचं?

पशुवैद्य वापरतात ते सूत्र मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवरही बसतं. कुत्र्याचं वजन किलोमध्ये घ्या, त्याचा घन करा, वर्गमूळाचं बटण दोनदा दाबा आणि आलेल्या आकड्याला 70 ने गुणा. ही झाली निव्वळ पडून राहण्यासाठी लागणारी ऊर्जा. नसबंदी झालेल्या, घरात राहणाऱ्या प्रौढ कुत्र्यासाठी तिला साधारण 1.6 ने गुणतात. 30 किलोच्या लॅब्राडॉरचं उत्तर येतं सुमारे 1,435 कॅलरी. 100 ग्रॅमला 360 कॅलरी देणारं कोरडं खाद्य असेल, तर दिवसाला 400 ग्रॅम. हा आकडा सुरुवातीचा. पुढे वजन बघून तो कमी-जास्त करायचा.

आता फ्लॅटमधला खरा दिवस बघू. सकाळी बाबांच्या चहाबरोबर चार ग्लुकोज बिस्किटं, दुपारी आजीकडून तूप लावलेल्या दोन पोळ्या, संध्याकाळी शेजारच्या मुलांकडून आणखी सहा बिस्किटं. ही बेरीज साडेचारशे कॅलरींच्या घरात जाते, म्हणजे दिवसाच्या गरजेचा जवळपास तिसरा हिस्सा. भांड्यातलं 400 ग्रॅम खाद्य वेगळंच. वरखाणं एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांपुढे जाऊ नये, हा पशुवैद्यांचा सर्वसाधारण नियम आहे. या कुत्र्यासाठी ती मर्यादा सहा-सात बिस्किटांत संपते. घरात प्रत्येक जण ‘मी एकच दिलं’ म्हणतो, आणि प्रत्येक जण खरंच बोलत असतो.

आकडेमोड नको असेल तर हात वापरा. बरगड्यांवरून तळवा फिरवला की त्या न दाबता जाणवायला हव्यात. वरून पाहिल्यावर कंबर दिसायला हवी. ‘गुटगुटीत आहे’ हे कौतुक बाळासाठी ठीक, पाच वर्षांच्या कुत्र्यासाठी नाही.

पाकिटाच्या मागे काय वाचायचं?

पुढची बाजू जाहिरातीची असते. माहिती मागे, बारीक अक्षरांत असते. भारतातला 2006 चा अन्नसुरक्षा कायदा माणसांच्या अन्नापुरता आहे, पशुखाद्य त्यात येत नाही. त्यामुळे अनेक पाकिटांवर अमेरिकेतील ‘आफ्को’ या संघटनेच्या निकषांचा उल्लेख दिसतो. ही संघटना निकष ठरवते, कोणत्याही पाकिटाला मंजुरी देत नाही. शोधायचे ते शब्द म्हणजे ‘कम्प्लीट अँड बॅलन्स्ड’, आणि त्यापुढे पिल्लासाठी की प्रौढासाठी, हे. ‘कॉम्प्लिमेंटरी’ लिहिलेलं पाकीट म्हणजे तोंडीलावणं. त्याच्यावर रोजचं पोट भरू नये.

प्रोटीनच्या आकड्यातही गोम असते. 24 टक्के प्रोटीनचं कोरडं खाद्य 8 टक्क्यांच्या ग्रेव्हीपेक्षा सरस वाटतं. पण ग्रेव्हीत 80 टक्के पाणी असतं. पाणी वगळलं की तिचं प्रोटीन 40 टक्के भरतं आणि कोरड्याचं जेमतेम 27. ‘चिकन’ घटकांच्या यादीत पहिलं असण्याचंही तसंच आहे. यादी पाण्यासह वजनाने लावलेली असते.

‘धान्यविरहित’ म्हणून चढ्या भावाने विकल्या जाणाऱ्या पाकिटांसाठी जास्त पैसे मोजण्याचं कारण बहुतेक घरांना नाही. स्टार्च पचवणारं जनुक लांडग्यापेक्षा कुत्र्यात अधिक प्रतींमध्ये असतं, हे 2013 मध्येच दिसून आलं आहे. भात-पोळी कुत्र्याला पचते. आजोबांचा तेवढा मुद्दा बरोबर आहे.

अडचण वेगळीच आहे. दूध-पोळीत प्रोटीन कमी पडतं, आणि अनेक प्रौढ कुत्र्यांना दूध पचत नाही. चिकन-भात चांगला वाटतो, पण बिनहाडाच्या मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. महिनोन्महिने तेवढंच दिलं तर वाढत्या पिल्लाची हाडं कमकुवत होतात. उलट, पिल्लाचं पूर्ण खाद्य सुरू असताना लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्डच्या पिल्लाला वरून कॅल्शियमचं टॉनिक पाजलं, तर हाडांची वाढ बिघडू शकते. घरचंच द्यायचं असेल तर पशुवैद्याकडून प्रमाण लिहून घ्यावं. शाकाहारी घरांनी तर नक्कीच.

उरलेला रस्सा मात्र कुत्र्याच्या भांड्यात नको. कांदा-लसणाने तांबड्या रक्तपेशी फुटतात. शिजवल्याने किंवा वाळवल्याने धोका जात नाही. द्राक्षं आणि मनुका मूत्रपिंड निकामी करू शकतात, म्हणजे मनुका घातलेला प्रसादाचा शिराही बाद. चॉकलेट आणि झायलिटॉल असलेलं च्युइंगगम विषारीच. शिजवलेल्या हाडाचे टोकदार तुकडे होतात आणि ते आतड्यात रुततात.

खाद्य बदलायचंच असेल तर सात ते दहा दिवस जुन्यात नवं थोडं थोडं वाढवत न्यावं, नाहीतर जुलाब ठरलेले. मोजायला वाटी नको, स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. मूत्रपिंड, स्वादुपिंड किंवा मधुमेहाचा त्रास असलेल्या कुत्र्याला वरचं कोणतंही गणित लागू नाही. त्याचं ताट पशुवैद्यानेच ठरवायचं.