अक्षर स्पष्ट, आवाज कमी

पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत दुपारी शिरले की पंख्यांची घरघर आणि मधूनच खुर्ची सरकल्याचा आवाज, एवढेच ऐकू येते. पण तिथे बसलेल्या साठ-सत्तर मुलामुलींच्या कानांत त्या वेळी तेवढेच शिक्षक बोलत असतात. कुणी राज्यघटना ऐकतो आहे, कुणी भूगोल, कुणी बँकेच्या परीक्षेचे गणित. फळ्यासमोर बसून होणारे शिकणे आता बरेचसे कानावाटे होते. खोलीचे भाडे, खानावळ, अभ्यासिकेची फी, झेरॉक्स हे सगळे भागवून जे उरते त्यात हेडफोन घ्यायचा असतो. मग तो रस्त्यावरून दीडशे रुपयांना घेतला जातो, तीन महिन्यांत त्याची एक बाजू मुकी होते आणि पुन्हा दीडशे रुपये जातात. वर्षाचे सहाशे झाले हे कुणाच्या लक्षात येत नाही, कारण ते एकदम जात नाहीत. एवढ्याच पैशांत तारेचा बऱ्यापैकी इअरफोन येतो आणि सांभाळला तर दोन-तीन वर्षे टिकतो.

त्यासाठी आधी ‘चांगला’ म्हणजे काय हे ठरवायला हवे. जाहिरात म्हणते, ज्याचा बेस दणदणीत तो चांगला. मित्र म्हणतो, ज्याची डबी खिशात शोभते तो. आमच्या मते विद्यार्थ्यासाठी कसोटी एकच आहे: कमीत कमी आवाजातही ज्यातून प्रत्येक अक्षर स्पष्ट ऐकू येते, तो हेडफोन चांगला. बाकी गुण त्यानंतर.

ही कसोटी निवडण्याचे कारण कानाच्या रचनेत आहे. आतल्या कानात शंखासारख्या नळीत ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी असतात. त्या एका कानात साधारण १५ हजार, आणि माणसात एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्याचे जे मानक जाहीर केले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला ८० डेसिबल आवाजात ४० तास ही मर्यादा आहे. यातला हिशेब नीट समजून घ्यावा असा आहे. आवाज ३ डेसिबलने वाढला की मुभा निम्म्यावर येते. ८३ डेसिबलला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५. फोनवर आवाजाची पट्टी दोन-तीन घरे वर सरकवायला क्षण लागतो, पण तेवढ्यात आठवड्याची मुभा दोन दिवसांत संपण्याची वेळ येते. गाणी तासभर ऐकणाऱ्याला हे फारसे जाचत नाही. रोज सहा तास, आठवड्याचे सहा दिवस व्याख्याने ऐकणाऱ्याचे मात्र ३६ तास होतात. त्याला ८० च्या वर जाण्याची सवड जवळजवळ नाहीच. कानात शीळ घुमायला लागली किंवा संध्याकाळी समोरच्याचे बोलणे कापसातून आल्यासारखे वाटले, तर ती कानाने दिलेली स्पष्ट सूचना समजावी.

आवाज वाढवण्याची पाळी का येते, याचे उत्तर बरेचदा हेडफोनमध्येच सापडते. आपल्या बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात आणि व्यंजने ओळखू येतात ती वरच्या पट्टीतल्या बारीक, क्षणभराच्या आवाजांवरून. ‘स’ आणि ‘श’ यांची बरीचशी सळसळ ४,००० हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून वर असते. शिक्षक ‘सात’ म्हणाले की ‘साठ’, हे ठरते जिभेच्या एका फटक्यावर. ज्या हेडफोनमध्ये बेस फुगवलेला असतो त्यात खालचे आवाज वरच्या आवाजांना झाकून टाकतात. ऐकणाऱ्याला शब्द गढूळ वाटतात आणि तो आवाज वाढवतो. त्याबरोबर बेसही वाढतो, म्हणून गढूळपणा तसाच राहतो. गाण्यातही हीच गत होते. डग्ग्याची घुमक तेवढी भरून राहते आणि तानपुऱ्याच्या जवारीतली ती झणझण कुठे जाते कळत नाही. हेडफोन पारखायला तानपुऱ्याइतकी सोपी गोष्ट नाही. खर्जाची तार भरीव वाटली आणि जवारीचे बारीक स्वरही सुटे ऐकू आले, तर त्या वस्तूत काही खोट नाही असे खुशाल समजावे.

हे गुण किमतीने मिळतात का? २०१७ मध्ये येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोनांची मापे अभ्यासून एक निबंध प्रसिद्ध केला. कोणत्या पट्टीतला आवाज किती जोरात ऐकू येतो याचा प्रत्येक हेडफोनचा जो आलेख असतो, त्याचा आणि दुकानातल्या किमतीचा काही संबंध त्याला आढळला नाही. महाग हेडफोनमध्ये बांधणी, आराम, सोयी जास्त असतील, पण त्याचा आवाज चांगला असेलच असे किमतीवरून सांगता येत नाही. अपुऱ्या पैशांत खरेदी करणाऱ्याला याहून मोठा दिलासा नाही. मूनड्रॉप या चिनी कंपनीने २०२२ मध्ये ‘चू’ नावाचा तारेचा इअरफोन सुमारे २० डॉलरला आणला तेव्हा महागड्या वस्तू वापरणाऱ्या शौकिनांनीही त्याचे कौतुक केले, ते त्याच्या समतोल आवाजासाठी. खोक्यावरच्या आकड्यांनी मात्र फसू नये. ‘२० ते २०,००० हर्ट्झ’ असे जवळपास प्रत्येक खोक्यावर असते. ती माणसाच्या ऐकण्याची पुस्तकातली मर्यादा आहे, त्या वस्तूची परीक्षा नव्हे. ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा पडदा, १० मिलिमीटरचा की १४ चा, यानेही काही ठरत नाही.

आता तारेचा की बिनतारी? दोन हजारांच्या आत बजेट असेल आणि मुख्य काम अभ्यासाचे असेल तर तारेचा घ्यावा, असे आमचे स्पष्ट मत आहे. बिनतारी जोडीच्या किमतीत आवाजाच्या पडद्याशिवाय दोन-तीन बॅटऱ्या, रेडिओची चिप, चार्जिंगची डबी हे सगळे बसवायचे असते. तेवढ्याच पैशांत तारेच्या वस्तूत नुसता आवाज येतो. बड्समधली बॅटरी वाटाण्याएवढी असते. काहीशे वेळा चार्ज झाली की ती थकते, आणि बहुतेक वेळा ती बदलता येत नाही. म्हणजे आवाज उत्तम असूनही वस्तू कचऱ्यात जाते. आणखी एक अडचण ऑनलाइन मुलाखतीच्या दिवशीच कळते. ब्लूटूथवर माइक चालू झाला की अनेक हेडफोन संभाषणाच्या वेगळ्या पद्धतीवर जातात आणि आवाज एकदम जुन्या टेलिफोनसारखा चपटा होतो. तारेच्या इअरफोनला हा प्रश्न येत नाही.

तारेचे दुखणे आहे ते जॅकपाशी. आयफोनने २०१६ मध्ये ३.५ मिलिमीटरचे भोक काढून टाकले आणि पुढे अनेक कंपन्यांनी तोच मार्ग धरला. स्वस्त फोनांत अजून ते भोक सापडते. नवा फोन घेणाऱ्या विद्यार्थ्याने ते आहे का हे जरूर पाहावे. नसेल तर टाइप-सी इअरफोन किंवा जोडणीची छोटी तार लागते. यात एक मेख आहे. काही जोडतारांत स्वतःची चिप असते, काहींत नसते, आणि चिप नसलेली तार अनेक फोनांवर मुकीच राहते. म्हणून आपल्याच फोनला लावून, वाजवून मगच पैसे द्यावेत. वायर तुटते ती बहुधा जॅकच्या मानेशी, कारण आपण ती वायर धरून ओढतो आणि फोनभोवती करकचून गुंडाळतो. ज्या इअरफोनची वायर वेगळी निघते तो शे-दोनशे रुपये जास्त देऊनही घ्यावा. वायर बदलली की तो पुन्हा नवा. साधी वायर असेल तरी सोल्डरिंग करून देणारा कारागीर अजून गावोगाव आहे.

पण सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे खोक्यातल्या छोट्या पिशवीतले रबरी टोक. लहान, मध्यम, मोठे अशा तीन जोड्या येतात. बहुतेक जण बसवून आलेली मधली वापरतात आणि बाकीच्या हरवतात. कान सर्वांचे सारखे नसतात. एकाच माणसाचे दोन्ही कानही सारखे असतील असे नाही. टोक कानात घट्ट बसले नाही तर खालचे आवाज फटीतून गळून जातात, बाहेरचा गोंगाट आत येतो, आणि आपण म्हणतो की इअरफोनला दम नाही. पुन्हा हात जातो आवाजाच्या बटनाकडे. नीट बसलेले टोक बाहेरचा आवाज दहा-वीस डेसिबलने सहज कमी करते. वर दिलेल्या ३ डेसिबलच्या हिशेबात हा फरक बसवून पाहिला तर त्या एवढ्याशा रबराची किंमत कळेल. वस्तू आणल्यावर पहिल्याच दिवशी अर्धा तास देऊन तिन्ही जोड्या दोन्ही कानांत लावून पाहाव्यात. डाव्या कानाला लहान आणि उजव्याला मध्यम लागली तरी संकोच नको.

ज्यांना कानात काही घातलेले सोसत नाही त्यांनी कानावर बसणारे घ्यावेत. मात्र विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात पूर्ण कान झाकणारी गादी तासाभरात घामाने भिजते, आणि चष्म्याची काडी मध्ये आली की तिथून फट राहते, हे लक्षात ठेवावे. उघड्या पाठीचे हेडफोन हाही एक जुना, सुंदर प्रकार आहे. सेनहायजर कंपनीने १९६८ मध्ये एचडी ४१४ हा तसला पहिला हेडफोन आणला. कॉस कंपनीचा पोर्टा प्रो १९८४ चा, आणि तो आजही तयार होतो. त्यांचा आवाज मोकळा असतो, कान शिजत नाहीत. पण आवाज बाहेर सांडतो, त्यामुळे अभ्यासिकेत त्यांना जागा नाही. स्वतःच्या शांत खोलीत वापरायला ते छान.

गोंगाट कापणाऱ्या (नॉइज कॅन्सलिंग) तंत्राविषयी एवढेच, की बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस यांना ही कल्पना १९७८ मध्ये विमानप्रवासात सुचली, आणि ते तंत्र अजूनही विमानाच्या घरघरीसारख्या संथ, एकसुरी आवाजावरच सर्वांत चांगले चालते. पंखा, एसटीचे इंजिन यांवर त्याचा उपयोग होतो. खोलीतल्या मित्रांच्या गप्पा त्याने थांबत नाहीत. स्वस्त बड्समध्ये त्यासाठी वेगळे पैसे मोजू नयेत.

खरेदी पुण्याच्या तपकीर गल्लीत करा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर करा किंवा घरबसल्या मागवा, पाकीट वाचल्याशिवाय घेऊ नका. बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, कमाल किंमत, निर्मितीचे महिना-वर्ष, तक्रारीसाठी संपर्क हे सगळे पाकिटावर असणे कायद्याने बंधनकारक आहे. नामांकित कंपनीचे नाव आणि यातले काहीच नाही, तर ती नक्कल आहे. बिनतारी हेडफोनवर भारतीय मानक ब्यूरोचा नोंदणी क्रमांक लागतो, तो ‘बीआयएस केअर’ या अॅपवर तपासता येतो. बिल मागायला लाजू नये, कारण वॉरंटी बिलावरच चालते. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. आणि ज्यांच्याकडे आधीच बेसने गढुळलेला हेडफोन आहे त्यांनी नवा घेण्याआधी फोनच्या सेटिंगमध्ये इक्वलायझर शोधून खालच्या दोन पट्ट्या उतरवून पाहाव्यात. यात एक रुपयाही जात नाही. कितीतरी वेळा एवढ्यानेच शिक्षकांचे बोलणे उजळते.

कान बंद करणारी वस्तू रस्त्यावर आणि रेल्वेरुळांजवळ कानात नको, हे पुन्हा सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. बाहेरचा आवाज अडवणे हा अभ्यासिकेत तिचा गुण आहे, फाटकापाशी तोच जिवावर बेततो.

एक मागणी मात्र संस्थांकडे आहे. कानात घालायची वस्तू दुकानदार उघडून देत नाही, ऑनलाइनवालेही ती सहसा परत घेत नाहीत, त्यामुळे विद्यार्थ्याला न ऐकताच घ्यावी लागते. महाविद्यालयांची ग्रंथालये आणि अभ्यासिका शब्दकोश ठेवतात, तसे वेगवेगळ्या घडणीचे चार-पाच तारेचे हेडफोन ऐकून पाहण्यासाठी ठेवू शकतात. सोबत लहान-मध्यम-मोठ्या टोकांचा एक डबा असावा, प्रत्येकाने वापरली की साबणाच्या पाण्याने धुवून वाळत घातलेली. पाच हजारांच्या आत हे सगळे बसते. नवी तुकडी जूनमध्ये येते. त्याआधी हे काउंटरवर मांडून ठेवावे.