भाड्याचा नाच

माझा भाचा पवना धरणाच्या काठावर पर्यटकांसाठी तंबू लावायचं काम करतो. गळा चांगला आहे. गेल्या पावसाळ्यात त्यानं मावळातल्या पावसावर स्वतः लिहिलेलं मराठी गाणं रेकॉर्ड केलं आणि साठवलेल्या पैशांतून चाळीस हजार खर्चून त्याचा व्हिडिओ केला. ड्रोन आला, पुण्याहून नाचणाऱ्या चार मुली आल्या, मागे तिकोना किल्ला. महिनाभरात तो चारशे लोकांनी पाहिला. त्यातले निम्मे आमचेच नातेवाईक.

घरात यावर दोन मतं पडली. आपा म्हणाली, "नाचगाण्यात पैसा घातला, बरकत कुठून येणार?" भाचा म्हणाला, "मामू, डान्सच कमी पडला. आठ पोरी आणायला हव्या होत्या." मला दोन्ही पटलं नाही.

आधी भाच्याचं घेऊ. नाचणाऱ्यांची संख्या वाढली म्हणून व्हिडिओ चालत नाही. 2012 साली कोरियाच्या साय या गायकाचं 'गंगनम स्टाईल' जगभर गाजलं. युट्यूबवर शंभर कोटी वेळा पाहिला गेलेला तो पहिला व्हिडिओ. त्यातली भाषा आपल्यापैकी कुणालाच कळत नव्हती. पण घोड्यावर बसल्यासारखी ती उडी लोणावळ्याच्या शाळेतल्या पोरालाही एकदा बघून जमत होती. बघणाऱ्याच्या अंगात नाच उतरला की अर्धं काम झालं.

आपल्याकडचं उदाहरण 'सैराट'मधल्या 'झिंगाट'चं. 2016 साली नागराज मंजुळेंच्या त्या सिनेमात पोरं वरातीत नाचावीत तशी नाचतात. कुणाचा हात वर, कुणाचा खाली. दोन वर्षांनी तीच अजय-अतुल यांची चाल हिंदीत 'धडक'मध्ये आली. नृत्यदिग्दर्शन फराह खान यांच्यासारख्या जाणत्या बाईंचं. कपडे झकपक, रांगा नीट. तरीही लग्नाच्या मांडवात आजही आठवतं ते मराठीतलंच. कारण तिथं नाचणारी पोरं आपल्या गल्लीतली वाटतात. 'धडक'मधली नाच शिकून आलेली वाटतात.

हे समजून घ्यायला मावळाबाहेर जायची गरजही नाही. मळवली स्टेशनवर उतरलं की एका बाजूला कार्ला, दुसऱ्या बाजूला भाजे. कार्ल्याला एकवीरा आई. तिच्या दर्शनाला आगरी-कोळी मंडळी वाजतगाजत येतात. तिच्यावरच्या गाण्यांच्या आधी कॅसेटी निघाल्या, मग सीडी, आता व्हिडिओ निघतात. कोळीनाचात खांदे आणि कंबर कशी हलते पाहा. वल्हं मारणं, जाळं ओढणं, लाटेवर होडी डोलणं, सगळं त्यात आहे. आवाज बंद केला तरी तीन सेकंदांत कळतं की ही कोळ्यांची माणसं आहेत.

समोर भाज्याच्या लेण्यात, इसवी सनापूर्वीच्या काळात कोरलेलं एक शिल्प आहे. एक बाई ताल वाजवते आहे, दुसरी नाचते आहे. कोरणाऱ्यानं दोघींना शेजारी ठेवलं. ताल कुठून येतो आणि कुठल्या अंगात जातो, हे एका नजरेत दिसतं. चांगला व्हिडिओ दिग्दर्शक याहून वेगळं काय करतो?

मग नाचाशिवाय व्हिडिओ होतच नाही का? होतो की. कव्वाली पाहा. नुसरत फतेह अली खान मांडी घालून बसलेले असतात. जागचे हलत नाहीत. फक्त एक हात हवेत उठतो, मागे टाळ्या पडतात, आणि आपण नजर काढू शकत नाही. तो हात सुरांमुळेच उठलेला असतो. नाच असो वा नसो, गाणं कुणाच्या तरी शरीरात शिरलेलं दिसायला हवं. भाच्याच्या व्हिडिओत त्या मुलींनी शिकवलेलं चोख केलं. पण गाणं पावसातल्या मजुरीचं आणि पावलं क्लबमधली. तो दोष मुलींचा नाही, त्यांना तिथं फुलदाणीसारखं उभं करणाऱ्याचा आहे.

आता आपाचं म्हणणं. मी मुफ्ती नाही, फतवा देणार नाही. पण 1988 साली 'तेजाब'मधलं 'एक दो तीन' आलं, तेव्हा नाचणारी माधुरी दीक्षित मराठी घरातली आणि नाच बसवणाऱ्या सरोज खान मुसलमान. फिल्मफेअरनं नृत्यदिग्दर्शनाचं पारितोषिक सुरू केलं, ते पहिलं त्यांनाच मिळालं. या हुनरला नुसतं 'नाचगाणं' म्हणून उडवून लावणं मला जमत नाही. आक्षेप घ्यायचाच तर बाईचं अंग दाखवून व्ह्यूज कमावण्यावर घ्या. तिथं मी आपाच्या बाजूनं उभा आहे.

परवा भाच्याच्या मोबाईलवर एक क्लिप सापडली. शूटिंग संपलेलं, पाऊस कोसळतोय, स्पीकरवर त्याचंच गाणं सुरू. चार-पाच पोरं भिजलेल्या तंबूच्या दोऱ्या ओढताहेत. ओढता ओढता सगळ्यांचे खांदे एका ठेक्यात आले आहेत. एकजण घसरतो, हसतो आणि उठून पुन्हा तालावर दोरी धरतो. जेमतेम वीस सेकंदांची क्लिप.

मी विचारलं, "हे व्हिडिओत का नाही घेतलंस?"

"मामू, गरिबासारखं दिसतं ते."

माझी सगळी तक्रार याच उत्तराशी आहे. आपल्या पोरांना आपलं काम, आपले हात, आपला चिखल पडद्यावर दाखवायची लाज वाटते आणि दुसऱ्याचा नाच भाड्यानं आणताना कर्ज चालतं. कोळ्यांनी वल्ह्याची लाज धरली असती, तर आज कोळीनाच उरला असता का?

त्याच्याकडे आता आठ हजार शिल्लक आहेत. मी म्हटलं, ड्रोन नको, कुणाला बोलावू नकोस. पुढच्या पावसात त्याच पोरांना घे, दोऱ्या ओढू दे, तू मध्ये उभा राहून गा. तो अजून तयार झालेला नाही. आपाला मात्र ती क्लिप मी दाखवली. ती गप्प बसून पाहत होती. बोटं मात्र परातीच्या काठावर ठेका धरून होती.