खिद्रापूरचं गोल आभाळ आणि तुमचा स्लायडर

मंडळी, आपल्या थ्रीडीवाल्यांना एक वाईट खोड आहे. स्कॅन जड झाला की ब्लेंडर उघडायचं, डेसिमेट लावायचं, रेशो ०.१, काम खल्लास! वर "मोबाईलवर कोण बघतंय एवढं?" अहो, मोबाईलवरच बघतायत सगळे.

खिद्रापूरचं कोपेश्वर घ्या. (कोल्हापुरात राहून पाहिलं नसेल तर आधी जाऊन या, उरलेलं नंतर वाचा.) बाराव्या शतकातलं शिलाहारांचं देऊळ, ४८ खांबांचा स्वर्गमंडप, मधोमध छत गोलाकार उघडं आणि वर थेट आभाळ.

गारलंड आणि हेकबर्टनी १९९७ साली मांडलेली क्वाड्रिक पद्धत आजही कित्येक टूल्सच्या पोटात आहे. एखादी कड मिटवली तर पृष्ठभाग किती हलेल याचा हिशोब करायचा, आणि सगळ्यात स्वस्त कड आधी मिटवायची. पद्धत झकास आहे, माझं भांडण तिच्याशी नाहीच. पण ती अंतर मोजते, माणसाची नजर नाही. गजपीठातल्या हत्तींवरचं उथळ कोरीवकाम तिच्या लेखी स्वस्त माल, ते लवकर जातं. हत्ती उरतो, पण साबणाच्या वडीत कोरल्यासारखा. पाहुणे वाढले म्हणून तांबड्या रश्श्यात पाणी ओतायचं, तसलाच प्रकार!

बरं, उपाय नवा नाही. कोहेन, ओलानो आणि मनोचा यांनी १९९८ मध्येच दाखवलं होतं की बारीक तपशील नॉर्मल मॅपमध्ये ठेवला तर त्रिकोण कमी करूनही उजेड जवळजवळ तसाच पडतो. फक्त नॉर्मल मॅप बाह्यरेषा वाचवत नाही. स्वर्गमंडपाचं वर्तुळ आभाळासमोर दिसतं. तिथले त्रिकोण उडवलेत की गोलाचा अष्टकोन झालाच. तिथे व्हर्टेक्स ग्रुप करून ते राखायचे, सपाट फरशीचे बिनधास्त कापायचे. थोडं हाताने काम करावं लागतं. त्याचाही कंटाळा?

"आता नॅनाइट आहे की!" असं कोणीतरी म्हणणारच. २०२२ च्या अनरियल ५ मधलं नॅनाइटही आतून मेश सोपा करूनच ठेवतं, आणि साध्या फोनच्या ब्राउझरमध्ये ते नाहीये.

खरा संताप येतो तो काम झाल्यावर मूळ स्कॅन डिलीट करणाऱ्यांचा. शिरोळ तालुक्याने २००५, २०१९, २०२१ असे तीन मोठे पूर पाहिलेत. उद्या एखादा खांब किती झिजला हे मोजायचं झालं तर ०.१ वालं मॉडेल काय कामाचं? डिस्क भरली होती म्हणे. मग दुसरी घ्या की!