'स्मॉल' आणि 'लिटल'
इंग्रजीतील 'स्मॉल' हे विशेषण आज सरसकट आकाराने लहान या अर्थी वापरले जात असले, तरी जुन्या इंग्रजीत त्याचा रोख अरुंद, सडपातळ, बारीक या अर्थांकडे अधिक होता; 'श्माल' हा त्याचा जर्मन सगोत्र शब्द आजही अरुंद हाच अर्थ देतो, आणि पाठीच्या खालच्या निमुळत्या भागाला इंग्रजीत 'स्मॉल ऑफ द बॅक' म्हणतात, त्यातही तोच अर्थ तग धरून आहे. शरीरशास्त्रातील 'स्मॉल इंटेस्टाइन', म्हणजे लहान आतडे, सुमारे 6 मीटर लांब, तर मोठे आतडे जेमतेम दीड मीटरचे असते, कारण येथे लहानपण ठरते ते व्यासावरून. 'लिटल' मात्र नुसते माप सांगून थांबत नाही; त्यात माया, कीव, प्रसंगी तुच्छताही मिसळते, आणि 'लिटल सिस्टर' म्हणजे धाकटी बहीण, मग ती उंचीने थोरलीच्या वर का गेली असेना. अगणनीय, म्हणजे ज्यांचे नग मोजता येत नाहीत अशा नामांपुढे ते परिमाणवाचक होते, आणि तेथे 'अ' या इवल्याशा उपपदाने सारा अर्थच पालटतो: 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडे का होईना पाणी आहे, नुसते 'लिटल वॉटर' म्हणजे जवळपास नाहीच. शालेय व्याकरणांत हा भेद हटकून घोकून घेतला जातो; प्रत्यक्ष बोलण्यात मात्र दुसऱ्या प्रयोगाऐवजी बहुधा 'नॉट मच' ऐकू येते.