तेराव्यानंतरचे घर

तेराव्याचे जेवण होते, पंगती उठतात आणि घर रिकामे होऊ लागते. दिल्लीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबात तर हे फारच भरभर घडते. पुणे, नागपूर, ग्वाल्हेरहून आलेली माणसे परतीचे आरक्षण करूनच आलेली असतात. ‘मुलांकडे बघून मन घट्ट करा’ असे सांगून ती स्टेशनकडे निघतात. खरे दुःख त्यानंतर सुरू होते. दूधवाल्याला अर्धा लिटर कमी घालायला सांगावे लागते. बँकेत मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती द्याव्या लागतात. कपाटातले कपडे कुणाला द्यायचे, हे ठरत नाही.

अशा वेळी कुणीतरी सल्ला देतेच, ‘योगासने करा, ध्यानाला बसत जा.’ दिल्लीत पहाटे कोणत्याही बागेत जावे, चटया अंथरून बसलेली मंडळी दिसतात. त्यामुळे हा सल्ला इथे फार स्वस्त झाला आहे. तो चुकीचा नाही. पण ध्यानाने गेलेल्या माणसाचा विसर पडेल, अशी आशा धरून कुणी बसले तर पहिल्याच आठवड्यात निराशा पदरी येते. डोळे मिटले की नेमके तेच माणूस समोर उभे राहते.

शोक हा केवळ मनाचा व्यवहार नाही. छाती जड होते, भूक मरते, झोप तुटते, श्वास उथळ होतो आणि मधूनच मोठा उसासा येतो. पतंजलींनी योगसूत्रांच्या पहिल्याच पादात दुःख, खिन्नता, अंगाचा थरकाप आणि विस्कळीत श्वासोच्छ्वास यांची नोंद एकाच सूत्रात केली आहे. आजचे शरीरशास्त्रही सांगते की श्वास सावकाश सोडला की हृदयाचे ठोके मंदावतात. म्हणून सुरुवात शरीरापासून करणे सोपे जाते. मकरासन, शवासन, हलके अनुलोम-विलोम, भ्रामरी एवढे पुरते. शीर्षासनाची घाई कुणी करू नये.

शवासनात डोळ्यांतून पाणी येऊ लागले की पुष्कळ जणी घाबरून उठून बसतात. ‘मला काही हे जमत नाही’ असे म्हणतात. खरे तर दिवसभर पाहुण्यांसमोर, मुलांसमोर अडवून धरलेले रडणेच तिथे वाट शोधत असते. ते येऊ द्यावे.

मनात जे उमटते आहे त्याकडे ते न लोटता, न कुरवाळता पाहत राहणे, याला पाली भाषेत ‘सति’ म्हणतात. आजकाल ‘माइंडफुलनेस’ म्हणून जे परदेशातून परत आले आहे, त्याचे मूळ हेच. दिल्लीकरांना कदाचित ठाऊक नसेल, पण बुद्धांनी ज्या सुत्तात ही साधना सविस्तर सांगितली, ते महासतिपट्ठान सुत्त कुरूंच्या देशात, म्हणजे दिल्ली आणि आजच्या हरयाणाच्या प्रदेशात, कम्मासधम्म नावाच्या गावी सांगितले गेले, असे ते सुत्तच नोंदवते. या साधनेचा हेतू सांगताना शोक आणि विलाप यांच्या पार जाणे, असा स्पष्ट उल्लेख तिथे आहे. सोनिपतजवळच्या कम्मासपूर या गावी आज विपश्यनेचे केंद्र आहे.

मराठी माणसाला विपश्यना म्हटले की इगतपुरी आठवते. ब्रह्मदेशातून १९६९ साली भारतात आलेले सत्यनारायण गोएंका यांचे धम्मगिरी केंद्र तिथे १९७६ मध्ये सुरू झाले. पण या साधनेची सर्वांत कठीण परीक्षा झाली ती दिल्लीत, तिहार तुरुंगात. किरण बेदी १९९३ साली तिथे महानिरीक्षक म्हणून आल्या, तेव्हा तुरुंग क्षमतेबाहेर भरलेला होता आणि बहुतेक जण खटल्याचा निकाल न लागलेले कच्चे कैदी होते. गावी आई गेली तरी अंत्यदर्शन घडेलच याची अशा माणसाला शाश्वती नसते. शिवाय आपल्याच हातून कुणाचे घर उद्ध्वस्त झाले असेल, तर ते दुःख कुणाजवळ बोलायचीही सोय नसते.

नोव्हेंबर १९९३ मध्ये तिथे पहिले दहा दिवसांचे शिबिर झाले. कैद्यांबरोबर तुरुंगाचे काही कर्मचारीही बसले. पहाटे चारला उठायचे, कुणाशी बोलायचे नाही, पहिले तीन दिवस फक्त नाकाशी येणारा-जाणारा श्वास पाहायचा, मग अंगभर उठणाऱ्या संवेदना. एप्रिल १९९४ मध्ये गोएंकांनी स्वतः घेतलेल्या शिबिरात एक हजाराहून अधिक कैदी होते आणि त्याच वर्षी तुरुंगातच कायमचे केंद्र उघडले. या शिबिरांवर १९९७ साली दोन इस्रायली दिग्दर्शिकांनी माहितीपट काढला. शिबिर संपल्यावर कैदी रडत रडत तुरुंगाधिकाऱ्यांना मिठी मारताना त्यात दिसतात. कुणाची शिक्षा कमी झाली नव्हती, कुणाचे गेलेले माणूस परत आले नव्हते.

पण म्हणून नुकतेच दुःख कोसळलेल्या माणसाला उचलून दहा दिवसांच्या मौनात बसवणे शहाणपणाचे नाही. इतका एकांत त्या वेळी झेपतोच असे नाही, आणि आधीपासून मानसिक आजार असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जाऊच नये. रोज दहा मिनिटे, शक्यतो घरातले कुणी शेजारी असताना, पुरेशी होतात. नीट शिकायचे असेल तर अशोक रोडवर मोरारजी देसाई राष्ट्रीय योग संस्था आहे.

आणखी एक गोष्ट. दुःखात राग मिसळलेला असेल, तर ‘शांत व्हा, श्वास घ्या’ हा उपदेश अन्यायाचाच ठरतो. १३ जून १९९७ रोजी ग्रीन पार्कमधल्या उपहार चित्रपटगृहाच्या आगीत ५९ माणसे गेली. आपली दोन्ही मुले त्यात गमावलेल्या नीलम आणि शेखर कृष्णमूर्ती यांनी इतर कुटुंबांना एकत्र करून संघटना उभारली आणि वीस वर्षांहून अधिक काळ कोर्टाची पायरी सोडली नाही. त्यांना चटईवर बसवून काय मिळाले असते?

काही वेळा मात्र सहा महिने, वर्ष उलटले तरी माणूस अंघोळ, जेवण, कामधंदा यांत परतत नाही, जगण्यात अर्थच नाही असे बोलू लागतो. हा दीर्घकालीन शोकाचा विकार असू शकतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही आपल्या आजारांच्या यादीत त्याला जागा दिली आहे. आणि जगणे नको अशी भाषा कानावर आली, तर सहा महिने कशाला थांबायचे? तेव्हा प्राणायामावर भिस्त न ठेवता मानसोपचारतज्ज्ञाकडे जावे. सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक त्यासाठीच आहे.

गाडी पकडून परत गेलेल्या नातलगांनाही एक काम उरते. महिन्याने, दोन महिन्यांनी, पहिल्या दिवाळीला फोन करावा आणि गेलेल्या माणसाचे नाव घेऊन बोलावे. पुष्कळ जण समोरच्याला त्रास होईल म्हणून ते नाव टाळतात, आणि इकडे घरातली बाई मात्र कुणीतरी ते नाव घ्यावे म्हणून वाट पाहत असते.