कथा कोणाची?

अंकात ‘सर्व हक्क संपादकाधीन’ असे छापले की कथा संपादकांची झाली, हा समज आम्हांस मान्य नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार स्वतंत्रपणे लिहिलेल्या कथेचा प्रथम स्वामी लेखकच. त्याच्या सहीच्या लेखी कराराविना ते स्वामित्व दुसऱ्याकडे जात नाही. करारात मुदत नमूद नसल्यास ती पाच वर्षांचीच धरली जाते. नियतकालिकाने एकदा छापण्याची अनुमती घ्यावी; पुस्तक, अनुवाद, चित्रपट यांवर हात ठेवू नये. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली ‘रेरुम नोव्हारुम’ या परिपत्रकात श्रमिकाच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. लेखणीचे श्रम त्यातून का वगळावेत? कथाकारांनो, कागद वाचल्याविना सही करू नका. आणि संपादकहो, सेवेच्या नावाखाली अन्याय झाकू नका. धार्मिक नियतकालिकांनी तर मुळीच नाही.